शेवटच्या माणसाच्या मागे

डोंगरफेरीत सगळ्यांच्या मागे जो चालतो त्याला आमच्यात झाडू म्हणतात. काम सोपं आहे, असं ज्यांनी ते कधी केलं नाही ते सांगतात. चालणाऱ्यांतला जो अगदी शेवटचा असेल त्याच्या मागे राहायचं. तो थांबला की थांबायचं, तो रडला की रडू द्यायचं, आणि वाट दाखवायला कुंपणांना, झुडपांना बांधलेल्या लाल फिती सोडत यायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी डोंगरावर आपला पसारा राहत नाही. पुढे जाणाऱ्यांना टाळ्या, पदकं, फोटो. झाडूच्या पाठीवर फितींचं बोचकं. घरी झाडू, दुकानात झाडू, सुट्टीच्या दिवशी डोंगरावरही झाडूच, असं मी दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी जाते. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय.

एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ. झाडू ज्याच्या पुढे गेला तो बाद. वाद नाही, विनवणी नाही. छातीवरचा नंबर काढायचा आणि गाडीत बसायचं. कारण झाडूचं नारिंगी जाकीट उतरणीवर दिसलं की चेकपॉइंटवाले समजतात, आता मागे कोणी नाही. उरलेला चहा ओतून देतात, टेबलं मिटतात, निघतात. हा नियम माझ्या दादानं केला. फेरी सुरू करणाऱ्यांत तो होता आणि कित्येक वर्षं झाडूही तोच होता. गुडघे धरून बसलेल्या चांगल्या धडधाकट माणसांचे नंबर त्यानं भांडून काढून घेतलेत. मी हे काम त्याच्याकडूनच शिकले. यंदा शेवटचा माणूस तोच होता.

आदल्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या दुकानात आली. मी कपडे बारीक-मोठे करून देते. आठवडाभर मशीनवर वाकून माझी कंबर कामातून गेली होती आणि समोर पँटींचा ढीग तसाच होता. वहिनी स्टुलावर बसली आणि तिनं पर्समधून कागदात गुंडाळलेला एक खिळा काढला.

"ह्यांच्या बुटात होता," ती म्हणाली. "संध्याकाळी बूट काढून ठेवताना मला दिसला. दिवसभर त्याच्यावर चाललेत. विचारलं, टोचलं नाही? म्हणे, कुठे काय."

साखरेच्या आजारानं दादाच्या तळपायांची जाणीव गेली होती. हे आम्हाला माहीत होतं.

"डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, वन्सं. आणखी एक जखम चिघळली तर पाऊल काढावं लागेल. मी बोलून बोलून थकले. मी तोंड उघडलं की भांडण. उद्या नंबर काढायचा हक्क तुमच्याकडे आहे. तिसऱ्या चेकपॉइंटपर्यंत गाडी येते. पुढच्या शेवटच्या डोंगरावर नुसते दगड, तिथे काही झालं तर आणायचं कसं? तिसऱ्याला काढा त्यांचा नंबर. एवढं माझ्यासाठी करा."

"मी काढायचा? दादाचा?"

"तुमचं ऐकतील."

दादा कोणाचं ऐकतो? तो बसच्या गॅरेजात मेकॅनिक होता, तेव्हा साहेबांशी भांडला. निवृत्त झाल्यावर बँकेच्या घड्याळाशी भांडतो, दवाखान्यातल्या वजनकाट्याशी भांडतो. लहानपणी मला कोणी मारलं तर तो माझ्या वतीनं भांडायचा आणि मग मी मार का खाल्ला म्हणून माझ्याशीही भांडायचा. पण वहिनीच्या मुठीत तो खिळा होता. मी हो म्हटलं.

झाडू नेहमी दोन असतात. एकानं डावीकडे बघायचं, दुसऱ्यानं उजवीकडे. माझ्या जोडीला कोपऱ्यावरचा औषधवाला होता. पहिल्या डोंगरावरच बाकीचे सगळे पुढे निघून गेले आणि आम्ही तिघंच उरलो: पुढे दादा, मागे आम्ही दोघं. दादाची चाल मला झोपेतही ओळखू येते, खांदे आधी आणि पाय नंतर. आता पाय कुठे पडतो ते त्याला खाली बघून ठरवावं लागत होतं. चिखलात बूट रुतला तरी त्याला कळायचं नाही, अंग पुढे गेलं की मग कळायचं. दोनदा तो पडता पडता वाचला. दोन्ही वेळा त्यानं मागे वळून आमच्याकडेच डोळे वटारले.

"माझ्या मानगुटीवर बसू नका रे. जरा अंतर ठेवा."

"अंतर ठेवलंय दादा."

"तुझा श्वास ऐकू येतोय मला. चढावर एवढ्या धापा टाकतेस, तुला झाडू कोणी केलं?"

"तूच," मी म्हटलं. औषधवाला हसला. दादा नाही हसला.

दुसऱ्या चेकपॉइंटच्या जरा अलीकडे औषधवाल्याचा पाय मुरगळला. जगाला मलमं विकणारा माणूस, स्वतःच्या पिशवीत साधी पट्टी नाही. त्याला गाडीत घातलं. चेकपॉइंटवाले मला म्हणाले, तिसऱ्याला दुसरा कोणीतरी देतो, तोवर एकटीनं जमेल का? माझ्या अंगात त्राण नव्हतं, बूट ओले होऊन टाचा सोलवटल्या होत्या, पण नाही म्हणावं तर दादाच्या मागे कोण जाणार? जमेल म्हटलं.

दादा बाकावर बसून केळं खात होता.

"बूट काढ, बघू दे पाय," मी म्हटलं.

"उगाच काय बघायचंय? दुखत नाहीये."

"दुखत नाहीये हाच तर घोळ आहे ना दादा!"

"झालं? डॉक्टरीण बोलली?" सालपट टोपलीत टाकून तो उठला. "घरी एक, इथे एक. मला चालू द्याल का तुम्ही बायका?"

तो गेला. खिशात फोन वाजत होता. वहिनी.

"काढला का?"

"तिसऱ्याला," मी म्हटलं. "तिसऱ्याला काढते."

तिसऱ्या डोंगराच्या माथ्यावर लांबलचक पठार आहे. ओलं गवत, छातीभर उंचीच्या दगडी भिंती, भिंत ओलांडायला दगडी पायऱ्या. मध्येच मेंढ्या कोंडायचे जुने आडोसे, छप्पर उडालेले. धुकं उतरलं आणि दादाची पाठ दिसेनाशी झाली. मी घाबरले नाही. अंतर ठेव म्हणाला होता ना, ठेवलं अंतर. खरं सांगायचं तर त्याचं ते लटपटणं दिसत नव्हतं म्हणून मला बरंच वाटलं.

चढ संपला होता, खाली तिसरा चेकपॉइंट येणार होता आणि मला काहीतरी बोलावं लागणार होतं. म्हणून मी बोलून बघू लागले. एक फीत सोडायची, पिशवीत कोंबायची, आणि म्हणायचं, "दादा, आता पुरे." कडक वाटलं. पुढच्या फितीला जरा गोड करून, "दादा, ऐक ना, आता पुरे." हे तर भीक मागितल्यासारखं. मग रागानं. मग बहीण म्हणून नाही, झाडू म्हणून. मग पाया पडते म्हणून. मी खाली मान घालून चालत होते, बोटं गाठींशी झटत होती, तोंडाची टकळी चालू होती. डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे, कोण बघतंय? धुक्यातून बाहेर आले तेव्हा खाली रस्ता दिसला आणि चेकपॉइंटची ताडपत्री.

मी उतरत असतानाच त्यांची आवराआवर सुरू झाली. चेकपॉइंटचा प्रमुख चष्म्याच्या दुकानाचा मालक. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणतात. तो चहाचा पिंप तिरका करून गवतात ओतत होता.

"या बाई या! सुटलो एकदाचे."

"दादा कधी गेला?"

"कुठला दादा?"

"माझा! पुढे गेला ना?"

तो पिंप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. "पुढे कुठे? बराच वेळ झाला, इथे कोणीच आलं नाही. तू दिसलीस तेव्हा आम्ही म्हटलं, वरच काढला असशील त्याचा नंबर आणि दुसऱ्या वाटेनं लावून दिलं असशील गाडीकडे. बरं झालं म्हटलं, इथे भांडायला आला नाही."

दादा माझ्या मागे होता. त्या धुक्यात, त्या पायांनी. आणि पठारावर एकही फीत नव्हती, कारण सगळ्या माझ्या पाठीवरच्या पिशवीत होत्या. झाडूनं एकच चूक करायची नसते आणि मी नेमकी तीच करून आले होते.

"मी येतो बरोबर," चष्मेवाला म्हणाला.

"तू इथेच थांब. टेबल परत मांड. चहा ठेव. तो येईल तेव्हा चेकपॉइंट उघडा पाहिजे."

"अगं पण, झाडू पुढे आला म्हणजे तो तर..."

"झाडूचे डोळे फुटले होते, समज!" मी इतक्या जोरात ओरडले की ताडपत्रीची दोरी सोडणारा माणूस थांबला. "चूक माझी, आणि नंबर त्याचा जाणार? हे चालणार नाही. तो चालत आला तर चालत पुढे जाईल."

वहिनीला दिलेला शब्द? तो त्या क्षणी मला आठवलाही नाही. अर्ध्या चढावर आठवला, तेव्हा मला वहिनीचाच राग आला. मग माझा आला. दादाला त्याच्या पायांनी थांबवलं असतं तर गोष्ट वेगळी. डॉक्टरनं थांबवलं असतं, मी तोंडावर सांगून थांबवलं असतं, तरी चाललं असतं. पण तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी बहीण न बघता ओलांडून गेली म्हणून तो बाद व्हावा, हे मला सहन होईना.

तोच चढ मी परत चढले. पोटऱ्यांत गोळे आले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सोडलेल्या फिती परत बांधत गेले, कारण मी चुकून दुसरीकडे गेले आणि तो वाटेवर आला तर त्याला काहीतरी दिसायला हवं होतं. थंडीनं बोटं कडक झालेली, गाठ बसेना. मध्येच हाक मारायची, "दादाऽऽ!" आणि कान द्यायचा. वाऱ्याशिवाय काही नाही. तो उलट्या दिशेला उतरला असेल का? पडला असेल का? पडला तर त्याला कळलं तरी असेल का? नको नको ते मनात येत होतं.

दगडी पायऱ्या आल्या. त्या उतरून मी परत हाक मारली आणि अगदी हाताच्या अंतरावरून आवाज आला, "ओरडू नकोस. मी बहिरा नाही झालो अजून."

मेंढ्यांच्या आडोशात, भिंतीला पाठ टेकून दादा बसला होता. पाय पुढे लांब केलेले.

"आलीस?" तो म्हणाला, जसं काही मी खालून दूध घेऊन आले होते.

माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इथे बसलायस? मी वेड्यासारखी डोंगर पालथा घालतेय! मी इथून गेले तेव्हा तू कुठे होतास?"

"इथेच."

"मग हाक मारता येत नव्हती? तोंड शिवलं होतं का कोणी?"

"मारणार होतो," तो म्हणाला. "तू बोलत होतीस."

"कोणाशी?"

"माझ्याशीच." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणालीस, 'दादा, आता पुरे.' मग परत तेच, जरा लाडात. मग चिडून. मग म्हणालीस, 'पाया पडते.' म्हटलं, ही सकाळपासून हेच घोकतेय की काय. तुझ्या वहिनीनं सांगितलं ना तुला?"

मी नुसती मान हलवली.

"त्या वेळी उठून आलो असतो ना चिमणे, तर तू खाली गेल्यावर ते बोलली असतीस. आणि मी भांडलो असतो. मी मला ओळखतो. भांडलो असतो आणि जिंकलोही असतो. तू काय टिकणार माझ्यापुढे." त्यानं श्वास घेतला. "म्हणून बसून राहिलो. तू पुढे गेलीस. मिटलं."

"मिटलं कसं? मिटलं कसं रे? मी खाली टेबल मांडायला लावलंय. चूक माझी होती, मी सांगितलंय सगळ्यांना. वेळ आहे अजून. ऊठ."

"तुझी चूक नव्हती. मी मुद्दाम बसलो, तर ती तुझी चूक कशी?"

"ऊठ म्हणते ना!"

तो उठला नाही. पायऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "त्या दगडावर बघ."

मी बघितलं. सपाट दगडावर तांबडे ओले ठसे होते, एका बुटाचे, तिथून आडोशाकडे गेलेले. मी त्याच दगडावर पाय देऊन गेले होते. एकदा नाही, दोनदा.

"जुनी सवय," दादा म्हणाला. "रक्त दिसलं, म्हटलं पुढे कोणीतरी जखमी झालंय. दोन-तीन हाका मारल्या. कोणी उत्तर देईना. भिंतीच्या अलीकडे शोधलं, पलीकडे शोधलं. कुठे आडवा झाला असेल तर बघावं म्हणून आत आलो. जिकडे जावं तिकडे रक्त. मग मागे वळून बघितलं, तर माझ्याच पाठोपाठ येतंय." तो हसला, पण ते हसू काही जमलं नाही. "बूट बाजूला उसवलाय. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं गं."

नंबर त्यानं आधीच काढला होता. चारही पिना नंबराच्याच एका कोपऱ्यात नीट टोचून ठेवल्या होत्या. त्यानं तो माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही, तर त्यानं माझ्या जाकिटाच्या खिशात कोंबला.

बूट मी उघडला नाही; उघडला असता तर परत चढला नसता. फितींची एक जुडी वरून घट्ट आवळली आणि त्याला उठवलं. तो माझ्या खांद्यावर हात टाकून उतरला. एवढा मोठा माणूस, एवढं वजन, आणि तोंडातून चकार शब्द नाही. दर चार पावलांनी मी म्हणत होते, भांड ना, दादा, काहीतरी बोल ना. मनात. मोठ्यानं बोलायची मला भीती वाटायला लागली होती.

खाली टेबल मांडलेलं होतं. चष्मेवाल्यानं खरंच नवा चहा केला होता आणि सगळे जण ताठ उभे होते, दादा आता काय बोलतो म्हणून. चष्मेवाला पुढे आला.

"चला दादा, चहा घ्या आणि सुटा. शेवटचाच डोंगर राहिलाय. आम्ही काही पाहिलं नाही."

सगळे थांबले. एरवी अशी सवलत कोणी दिली असती, तर दादानं त्याला तिथेच उभा-आडवा घेतला असता, तुम्ही मला फुकट पुढे सोडता का म्हणून. किंवा खरंच चहा ढोसून निघाला असता. दोन्हीपैकी काहीतरी केलं असतं.

"गाडी कुठेय?" दादानं विचारलं.

चष्मेवाल्यानं दार उघडून दिलं. दादा आत बसला, पाय बाहेरच राहिला, तो त्यानं दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. कोणीतरी त्याच्या हातात चहा दिला. तो पिईना, नुसता धरून बसला.

मी जरा बाजूला जाऊन वहिनीला फोन लावला. पहिल्या घंटीलाच तिनं उचलला.

"निघाला नंबर," मी म्हटलं. "पायाला लागलंय, थेट दवाखान्यात नेतोय. तू तिकडेच ये."

"सुटले गं बाई!" ती म्हणाली. मग घाईघाईनं, "फार बोलले का हो तुम्हाला? मनावर घेऊ नका, वन्सं. मी सांगते त्यांना."

"नाही बोलला."

"मग त्या चेकपॉइंटवाल्यांना बोलले असतील."

"कोणालाच नाही. पुढे जा म्हणत होते ते त्याला. तोच नाही म्हणाला. नंबर त्यानंच काढला, वहिनी, स्वतःच्या हातानं. मी पोचायच्या आधी."

"भांडले नाहीत?" वहिनीनं विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"नाही गं."

मग ती रडायला लागली. इतकी वर्षं मी तिला ओळखते, तिचं असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. जे हवं म्हणून ती माझ्या दुकानात स्टुलावर बसून राहिली होती, ते झालं होतं. आणि तिला ते नको होतं, मलाही नको होतं.

"त्यांच्याकडे द्या," ती कशीबशी म्हणाली. "द्या फोन त्यांच्याकडे. मी भांडते."

मी फोन नेऊन दादाच्या कानाला लावला. वहिनीचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. कधी ऐकलंय का माझं, खिळा टोचला तरी कळत नाही, बूट कुठले घातलेत, मी मेल्यावर शहाणे होणार आहात का. मध्येमध्ये थांबत होती. त्यानं काहीतरी परत बोलावं म्हणून थांबत होती, हे मला कळत होतं. त्यालाही कळत असणार. दादा चहाच्या पेल्यात बघत सगळं ऐकून घेत होता.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

मी गाडीचं दार लावून घेतलं, ताडपत्रीच्या मागे गेले आणि हमसून हमसून रडले.